तीनशे अठराव्या नावापाशी

सूजू मशीन जुळवायची ती डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त. ताइपेच्या कॉम्प्युटर बाजारात तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, तिचं दीड टेबलाचं दुकान. एका टेबलावर जुळणी, अर्ध्यावर जेवणाचा डबा. एकोणीस वर्षं ती तिथं बसत होती. बोर्ड बसवला, प्रोसेसर बसवला, त्याच्यावर पंखा कसला, तारा बांधल्या, की ती मशीन सुरू करायची आणि डोळे मिटून घ्यायची. शेजारचा दुकानदार तिच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "जरा थांबा, बाई ध्यानाला बसल्यात." कुठली तार पात्याला पुसटशी घासते आहे, कुठला स्क्रू अर्धा फेरा कमी पडलाय, कुठल्या पंख्याचं बेअरिंग वर्षभरात कुरकुरणार, हे ती नुसतं ऐकून सांगायची आणि तसंच निघायचं. तिच्या हातचं एकही मशीन आजवर परत आलं नव्हतं. ती स्वतः हे कधी बोलून दाखवायची नाही. दुसरं कुणी बोललं तर अडवायचीही नाही.

चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात बाजार थंड असतो. त्या महिन्यात मेलेली माणसं मोकळी सुटलेली असतात, म्हणून शहाणी माणसं नवं घर, नवी गाडी, नवं मशीन असलं काही घेत नाहीत. त्यांचा उल्लेखसुद्धा नीट करत नाहीत. 'भाऊमंडळी' म्हणतात आणि विषय बदलतात. पण कीलुंग बंदराच्या टेकडीवरच्या समुद्रदेवीच्या देवळातलं जुनं मशीन नेमकं याच महिन्यात गेलं, आणि पंधराव्या तिथीला भाऊमंडळींचं जेवण. त्या दिवशी पंचक्रोशीतल्या मेलेल्यांची नावं वाचतात, आणि ज्याचं नाव वाचलं त्याला पान वाढतात. सहाशे बारा नावांच्या पट्ट्या छापायच्या होत्या. सूजू मूळची त्याच टेकडीखालची. तिनं दोन दिवसांत मशीन जुळवून पाठवून दिलं.

चौदाव्या तिथीला सकाळी देवळाच्या लो काकांचा फोन आला. लो काका पंचाहत्तरीचे. देवळाच्या किल्ल्या, झाडू आणि हिशेबाचं कपाट, सगळं त्यांच्याकडे.

"सूजू, तुझं मशीन बिघडलं गं."

"काय करतंय?"

"करत काही नाही. एका माणसापाशी थांबतंय."

"कोण बसलंय त्याच्यासमोर?"

"समोर मी बसलोय. तो माणूस यादीतला आहे." काकांनी आवाज खाली आणला. "तीनशे अठरा नंबर. चार वेळा छापायला घेतलं, चारही वेळा तिथंच बंद."

"काका, मशीनला माणसं कळत नाहीत. तापत असेल. पंखा फिरतोय का?"

"फिरतो की, छान फिरतो. त्याच्याजवळ आला की एक श्वास घेतो आणि थांबतो."

"पंखा श्वास घेतो?"

"तू ये. फोनवर हे बोलायला नको. दिवस कसले आहेत, ठाऊक आहे ना?"

सूजूनं एक सुटा पंखा, स्क्रू ड्रायव्हर, प्रोसेसरला लावायच्या लेपाची नळी आणि बॅटरी पिशवीत टाकली आणि शटर ओढलं. शेजारचा दुकानदार म्हणाला, "परत आलं वाटतं एक?" गाडीत तासभर ती तेच शब्द चघळत बसली. परत आलं वाटतं एक.

देवळाच्या मागच्या खोलीत मशीन टेबलावर उभं होतं. त्याच्या कडेला धूपदाणी, धूपदाणीत जळून गेलेल्या चार उदबत्त्यांच्या काड्या. बाहेर अंगणात मांडव घातला होता, टेबलांच्या रांगा लागत होत्या, कुणीतरी तांदळाची पोती मोजत होतं. खोलीत मात्र कुणी फिरकत नव्हतं. दारापर्यंत यायचे, मशीनकडे बघायचे आणि काम आठवल्यासारखे परत फिरायचे.

"ही उदबत्ती कशाला?" सूजूनं विचारलं.

"दर वेळेला बंद पडलं की एक लावतो. माफी मागतो. ती जळून जाईपर्यंत हात लावत नाही," लो काका म्हणाले. "कोण बसलं असेल, काय सांगावं! उठायला वेळ द्यायला नको?"

ताइपेत कुणी असं सांगितलं असतं तर सूजू हसली असती. पण ती टेकडीखालची होती. तिनं नुसती मान डोलावली, आणि तिथंच तिची चूक झाली. पण ते तिला दुपारी कळायचं होतं.

"लावा बघू छापायला."

काकांच्या भाच्यानं बनवलेला तो प्रोग्राम होता. प्रत्येक नाव कुंचल्यानं काढल्यासारखं, जुन्या वळणाचं, शाईचा जाड-बारीकपणा धरून उमटवायचा. दिसायला सुरेख, पण एकेका नावाला प्रोसेसरच्या नाकी नऊ यायचे. भाच्यानं आणखी एक गंमत करून ठेवली होती: मधूनच कुठून सुरू करता यायचं नाही, दर वेळी पहिल्यापासून. पट्ट्या एकेक करून बाहेर पडू लागल्या. सूजू डोळे मिटून ऐकत राहिली. पंखा साफ होता. हळूहळू वेग घेत होता, तसाच घ्यायला हवा. दोनशे. अडीचशे. काका नंबर पुटपुटत होते. तीनशे. पंख्याचा सूर जरा चढला. आणि मग तिनं ऐकलं.

कुणीतरी दात मिटून, ओठांच्या फटीतून हवा आत ओढावी तसा आवाज. बारीक आणि लांब. त्याच्यामागून काहीच नाही, पंखाच नाही. अर्ध्या मिनिटानं पडदा काळा झाला आणि सगळं मशीन गप्प झालं.

शेवटची पट्टी अर्धी बाहेर लोंबत होती. नाव होतं को तिएनशून, चिनी लिपीत तीन अक्षरं. आडनाव आणि मधलं अक्षर उमटलेलं, शेवटचं अक्षर कोरं.

"पाचवी वेळ," लो काका म्हणाले आणि त्यांनी उदबत्ती पेटवली.

को तिएनशून कोण, हे सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तो मासेमारीच्या बोटीवर गेला. बोट परत आली, तो आला नाही. रात्री पाण्यात पडला असणार, असं बोटीवरचे म्हणाले. पडताना कुणी पाहिलं नव्हतं आणि देह सापडला नाही. दोन वर्षांनी कुणीतरी म्हणालं, दक्षिणेच्या बंदरात तो टोपी घालून भाजी घेताना दिसला. मग दुसऱ्या कुणाला तो तसाच दिसला, तिसऱ्याला बाईसकट दिसला. त्याची बायको लियेन माशांचे गोळे करून विकायची. तिनं यातलं काही ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं नसल्यासारखी ती राहिली, आणि दर वर्षी त्याचं नाव मेलेल्यांत घालत राहिली.

उदबत्ती जळत होती तेवढ्यात सूजूनं मशीन टेबलावर आडवं केलं, बाजूचा पत्रा काढला आणि सुरू केलं. पंखा फिरला. वेग वाढवला, फिरला. वेग पार वर नेला, तरी तक्रार नाही. पात्यांशी एकही तार नव्हती. तिनं पंख्याची तार दुसऱ्या जागी जोडून पाहिली. पंखा काढून प्रोसेसरवरचा लेप पाहिला. पोळीला तूप लावावं तसा सगळीकडे सारखा पसरलेला. तिला तिच्याच कामात बोट ठेवायला जागा सापडेना.

"सापडलं?" दारातून आवाज आला. लियेन होती. हातात कागदी कपड्यांचा गठ्ठा. उद्या जाळायचे, त्याला तिकडे घालायला मिळावेत म्हणून. ती आत आली नाही.

"पंखा बदलते. बसेल ताळ्यावर," सूजू म्हणाली.

"मास्तरीणबाई," लियेन म्हणाली; हातात कसब असलेल्याला तिकडे मास्तरच म्हणतात. "लोक काय बोलतायत, ऐकलंत ना?"

"लोक बोलतातच."

"म्हणतात, जिवंत माणसाचं नाव घातलंय म्हणून मशीन पुढं जात नाही. तो स्वतःच अडवतोय म्हणे." लियेननं गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "अकरा वर्षं मी त्याला जेवायला वाढते. त्याचं नाव इथं वाचतात तोवर तो मेलेला आहे. आणि मेलेला आहे तोवर माझा आहे. उद्या वाचलं नाही, तर मग मी कोणाची कोण?"

सूजूनं स्क्रू ड्रायव्हर उगाचच पुसला. "वाचतील," ती म्हणाली. "मशीनचं मी बघते."

नवा पंखा बसवून, पत्रा लावून, मशीन उभं करून होईपर्यंत उदबत्ती संपली होती. काकांनी छपाई सुरू केली. या वेळी खोलीत देवस्थानचे अध्यक्ष च्वांग येऊन उभे राहिले. पोट पुढे, हात मागे. शंभर गेले, दोनशे गेले. नवा पंखा जुन्याहून हलका वाजत होता. सूजूला वाटलं, सुटलं. तीनशे दहाला सूर चढला. तीनशे पंधराला तिच्या मानेवर काटा आला, कारण आता काय ऐकू येणार ते तिला माहीत होतं आणि ते ऐकू यायला काही कारण उरलं नव्हतं. पंखा वेगळा होता, तार वेगळी, जागा वेगळी.

तोच आवाज. दात मिटून आत ओढलेली हवा.

को तिएन. पुढं कोरं.

"पंखा नवा ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"नवा."

"आणि माणूस तोच." ते काकांकडे वळले. "मी सकाळीच म्हटलं होतं. जिवंत माणसाला मेलेल्यांच्या पंगतीत बसवायचं आणि वर देवीनं गप्प बसायचं? चला, कौल लावू. नाव काढायचं का ते तीच सांगेल."

"उदबत्ती जळून जाऊ दे," सहावी पेटवत काका म्हणाले.

"जळू दे. तोवर कौल लावून होतो."

दोघे गाभाऱ्याकडे गेले. चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन लाल तुकडे फरशीवर पडल्याचा आवाज मागच्या खोलीपर्यंत येत होता. टक-टक. मग लो काकांचा आवाज, "होकार एक." सूजू मशीनसमोर एकटी होती. तिला पहिल्यांदा वाटलं, इथून निघून जावं. एकोणीस वर्षांत पंख्यानं तिला कधी फसवलं नव्हतं. जो आवाज झाला त्याला कारण असायचंच, आणि कारण तिच्या बोटांना सापडायचंच. इथं अर्ध्या टेबलावर त्या माणसाच्या अर्ध्या नावाच्या सहा पट्ट्या पडल्या होत्या आणि सहाही एकाच अक्षरापाशी तुटलेल्या.

टक-टक. "होकार दोन."

तिनं पुन्हा मशीन आडवं करायला हात घातला आणि ती थांबली. आडवं. मघाशीही तिनं ते आडवं करूनच तपासलं होतं, आणि बंद पडत होतं ते उभं असताना. असलं गिऱ्हाइकानं केलं असतं तर तिनं त्याला झापलं असतं. तिनं मशीन उभंच ठेवलं, उभ्यानं बाजूचा पत्रा काढला, आणि उदबत्ती अर्धी जळत असताना, काकांना न विचारता, छपाई सुरू केली. एका हातात बॅटरी धरून ती गुडघ्यावर बसली.

पंखा फिरू लागला. मशीन अजून तापलेलं होतं, त्यामुळे वेग चटकन चढला. बॅटरीच्या उजेडात, मशीनच्या आतल्या छतावरून काहीतरी पिवळं लोंबत होतं. ते हललं. खालचं टोक पंख्याच्या दिशेनं जरा उचललं गेलं, परत पडलं, पुन्हा उचललं गेलं. बोलावल्यावर लहान मूल बिचकत पुढं येतं तसं. मग ते एकदम सरळ आडवं झालं आणि दात मिटून हवा आत ओढल्याचा तो आवाज करत पंख्याच्या तोंडाला जाऊन चिकटलं. पातं अडलं. पंखा थांबला.

सूजूनं बटण दाबून मशीन बंद केलं. पिवळी जीभ सुटली आणि पुन्हा निमूट सरळ लोंबू लागली.

ती तिनंच लावली होती.

प्रत्येक नव्या मशीनमध्ये ती एक ताईत चिकटवायची. देवीच्या याच देवळातून आणलेला, लाल शाईत मंत्र छापलेला पिवळा कागद, चौघडी करून, आतल्या छताला, चिकटपट्टीनं. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. बाजारात मशीन जुळवणारे निम्मे जण असलं काही ना काही करतात. कीलुंगच्या दमट हवेत चिकटपट्टी एका बाजूनं सुटली होती आणि घडी उलगडली होती. मशीन आडवं केलं की कागद बोर्डाला टेकून निवांत पडायचा. तो तिला मघाशीच दिसला होता. पण आपल्या घराच्या उंबऱ्याकडे रोज कोण निरखून बघतं? आणि दर वेळी उदबत्तीभर थांबायचं, म्हणून दर वेळी मशीन सारखंच थंड व्हायचं, सारखंच तापायचं, सारख्याच वेळानं पंख्याचा जोर तेवढा व्हायचा, आणि सारख्याच नावापाशी ते मरायचं. तीही टेकडीखालचीच. तीही उदबत्ती संपायची वाट बघत बसली होती.

टक-टक. "होकार तीन. झालं."

पावलं जवळ आली. सूजूनं ताईत ओढून काढला आणि खिशात घातला. पत्रा लावला. का घातला खिशात, हे तिला नंतर सांगता आलं नसतं. हात आपण होऊन गेला.

"देवी तीनदा हो म्हणाली," अध्यक्ष म्हणाले. "लो, काढ त्याला."

लो काकांनी खुर्चीवर बसून, चष्मा वर-खाली करत, तीनशे अठरावी ओळ काढली. खालची नावं एकेक पायरी वर सरकली. मग छपाई. शंभर. दोनशे. तीनशे. तीनशे अठरा, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव, आणि पुढं. सहाशे अकरा पट्ट्या सरसर बाहेर पडल्या. अंगणातली माणसं दारात गोळा झाली होती. कुणीतरी कपाळाला हात लावून नमस्कार केला.

"बघितलंत?" अध्यक्ष त्या गर्दीला म्हणाले. "माणूस गेला, मशीन चालू."

"मास्तरीणबाईंचं मशीन चांगलंच आहे," कुणीतरी म्हणालं. "त्याचा दोष नव्हताच."

सूजूनं पिशवी भरली. बोलायचं काही कारण नव्हतं. मशीन चालत होतं, एकही मशीन परत आलं नव्हतं, आणि निर्णय देवीनं केला होता. ती अंगणाच्या नळावर हात धुवायला गेली. तिथं लो काका लियेनसमोर उभे होते. मान खाली. त्यांनी सांगून टाकलं होतं.

लियेन रडली नाही. तिनं विचारलं, "म्हणजे आहे तो? कुठंतरी?"

"मला काय ठाऊक पोरी."

"देवी खोटं बोलणार नाही ना." मग ती कागदी कपड्यांच्या ढिगाकडे गेली आणि आपला गठ्ठा शोधू लागली. शर्ट, विजार, एक कागदाचा चष्मा. एकेक बाहेर काढून ती घडी करत होती, बाजारात परत करायच्या मालाची करावी तशी. चष्म्याची काडी वाकली होती ती तिनं सरळ केली.

सूजूचे हात धुऊन झाले होते तरी पाणी चालू होतं. खिशातला कागद मांडीला लागत होता. तिनं नळ बंद केला.

"च्वांग साहेब," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी. "त्या माणसाचा काही संबंध नव्हता. चूक माझी होती." आणि तिनं ताईत वर धरला.

तिनं सगळं सांगितलं: चिकटपट्टी, लोंबणारा कागद, उदबत्तीची वाट. सांगताना तिचे कान गरम झाले. अध्यक्षांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

"हा तर आपल्याच देवीचा."

"हो."

"मग झालं की! देवीच्या कागदानं अडवलं म्हणजे देवीनंच अडवलं. हाताला धरून अडवलं. आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

गर्दीतून "खरंय, खरंय" असं आलं. सूजूला क्षणभर वाटलं, खरंच असेल. मग तिच्यातला मशीन जुळवणारा माणूस जागा झाला.

"आत चला," ती म्हणाली. "कागद होता तसा परत लावते. यादी तिएनशूनशिवाय, आता आहे तशीच. पण उदबत्ती लावायची नाही. मशीन गरम आहे, गरमच चालवायचं. बघू कुठं थांबतं."

"आणि कुठंच थांबलं नाही तर?"

"तर माझं दुकान बंद करते आणि तुमच्या अंगणात झाडू मारते."

"झाडू माझा आहे," लो काका म्हणाले. "तो मागू नकोस."

कुणी हसलं नाही. तिनं ताईत छताला लोंबता चिकटवला, पत्रा लावला, सुरू केलं. खोलीत एवढी माणसं कधी मावली नव्हती. मशीन तापलेलंच होतं. पंख्यानं सुरुवातीलाच सूर चढवला. वीस. तीस. यादीत सुरुवातीला नेहमी देवस्थानच्या मंडळींची घरं असतात, कारण नावं तेच आधी लिहून घेतात. चाळीस. आणि तो आवाज आला. भर दुपारी, तीस माणसांच्या देखत, कुणीतरी दात मिटून श्वास आत ओढला. दारातली एक बाई मागच्या माणसाच्या पायावर चढली.

मशीन काळं पडलं. पट्टी अर्धी लोंबत होती.

लो काकांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. "च्वांग चिनह्वो," ते म्हणाले. "एक्केचाळीस. साहेब, हे तुमचे वडील."

अध्यक्षांनी वाकून ती पट्टी स्वतः वाचली.

"त्यांच्या मयताला मी खांदा दिलाय," काका शांतपणे म्हणाले. "जड होते. तीस वर्षं झाली. पण मशीन म्हणत असेल तर काढू का?"

अध्यक्ष गाभाऱ्यात गेले, लाल तुकडे हातात घेतले, पुटपुटले आणि टाकले. दोन्ही सपाट बाजू वर. असं पडलं की देवी हसली म्हणतात, म्हणजे ना हो, ना नाही. त्यांनी पुन्हा टाकले. पुन्हा हसली.

"आता तिसऱ्यांदा विचारून तिला दमवू नका," लो काका म्हणाले. "चल सूजू. घालू त्याला त्याच्या जागेवर."

ताईत निघाला. या वेळी तो सूजूनं खिशात घातला नाही, सगळ्यांना दिसेल असा तळहातावर धरून ठेवला. यादीत तीनशे अठरावी ओळ परत आली. पहिल्यापासून छपाई. बहुतेक लोक आपापल्या कामाला गेले. गंमत संपली होती. सूजूनं सवयीनं डोळे मिटले. एक्केचाळीस, अध्यक्षांचे वडील, सरळ गेले. पंखा पूर्ण वेगानं, एका सुरात चालला होता. तीनशे. तीनशे दहा. तो सूर तसाच. तीनशे सतरा.

मग पंखा मंदावला.

थांबला नाही. नुसता उतरला, एक श्वास घ्यायला लागेल तेवढा वेळ. आणि परत आपल्या सुरावर चढला. सूजूनं डोळे उघडले. ताईत तळहातावर होता. पंख्यासमोर काही नव्हतं. पट्ट्या पुढच्या नावांकडे निघाल्या होत्या. लो काका नंबर पुटपुटत होते; त्यांनी काही ऐकलं नव्हतं. ऐकू येण्यासारखं ते नव्हतंच. तिच्याच कानांना आलं असतं. तिनं मनात कारणं मांडली. वीज जरा कमी झाली असेल. बाहेरून वारा आला असेल. प्रोग्राम एखाद्या अक्षराला अडखळला असेल. प्रत्येक कारण बरोबर असू शकत होतं, आणि एकही तिच्या बोटांना लागत नव्हतं.

यादी संपली. सहाशे बारा.

लियेन दारात होती. ती आत आली आणि तिनं ढिगातून ती पट्टी उचलली. को तिएनशून. तिन्ही अक्षरं, शाई ओली दिसावी अशी जाड-बारीक. ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"मास्तरीणबाई," तिनं मान वर न करता विचारलं, "सरळ गेलं ना मशीन? त्याच्या नावावरून?"

"सरळ गेलं."

"थोडंसुद्धा थांबलं नाही?"

त्या प्रश्नात काय होतं, ते सूजूला कळलं. नाही म्हणावं अशी अकरा वर्षं त्यात होती, आणि हो म्हणावं अशीही. तळहातावरचा पिवळा कागद घामानं मऊ झाला होता.

"नाही," सूजू म्हणाली. "जराही नाही."

लियेननं मान डोलावली. तिनं पट्टी त्याच्या नावाच्या लाकडी फळीवर ठेवली, मागं गोंद लावला आणि अंगठ्यानं दाबून चिकटवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठं हवा राहू नये म्हणून. मग बाहेर जाऊन कपड्यांचा गठ्ठा परत ढिगावर ठेवला. चष्मा सगळ्यात वर.